घट्ट टाके

छोटे,
मी कामावर चालले. जेवण झाकून ठेवलंय. आईला तूच भरव, कालपासून ती चमचाही हातात घेत नाही.

पडद्याला लावायची तिची क्रोशाची फुलं, बोटं वळेनाशी झाल्यापासून अर्धवटच राहायची. ती झोपली की मी पुरी करून ठेवायचे. वाटायचं, तिला पत्ताच नाही. काल एक फूल चाचपून म्हणाली, "माझा हात सैल गं. हे घट्ट टाके तुझे. चोरून कशाला डोळे फोडतेस? घे, तूच कर." सुई माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे वळली.

तुझा हात तिच्यासारखाच सैल आहे, तिला कळायचंही नाही, पण तू आता तसं चोरून काही पुरं करू नकोस. दोऱ्यांचा डबा माळ्यावर टाकलाय. मागितला तरच काढ. मागायची नाही म्हणा ती.

ताई