काकवीचा केक

मिसबाई, मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते. ते कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली आणि तोवर तुम्हीही राहिला नाहीत, त्यामुळे आता सांगणं तसं सोपंच आहे. समोर असतात तर माझी जीभ टाळ्याला चिकटली असती. कारण खोट्याची तुम्हाला केवढी चीड! नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी न शिकवलेला धडा शिकवला म्हणून वहीत लिहिला होता, तेव्हा तुम्ही मला व्हरांड्यात उभं करून म्हणाला होतात, "पोरी, चुकलं तर चालतंय. खोटं चालायचं न्हाय." आणि वर अस्सल कोल्हापुरी बाईसारखा हात नाचवला होतात. मला रडूही येत होतं आणि हसूही.

बावीस वर्षांची मी तुमच्या शाळेत बाई म्हणून लागले तेव्हा तुम्हाला मिशनच्या कामासाठी परदेशातून या गावात येऊन तीस वर्षं झाली होती. माझी आई शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, म्हणून तुम्ही मला परकरात असल्यापासून पाहिलेलं. पायमोज्यांवर कोल्हापुरी चपला घालून तुम्ही सायकलवरून निघालात की कोडोलीच्या बाजारातल्या बायकासुद्धा "मिसबाई, च्या घेऊन जावा की" म्हणून हाका मारायच्या. ठेचा खाताना तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी दुसऱ्यांदा मागून घ्यायचात. पण रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, तुमचं दार बंद असायचं. तो वेळ आईला पत्र लिहायचा. पाच वर्षांनी एकदा तुम्ही सुट्टीवर तिकडे जायचात तेव्हा "घरी चाललेय" म्हणायचात, आणि परत आलात की फाटकातच बॅग टेकवून म्हणायचात, "आले गं बाई घरी एकदाची." माणसाला दोन घरं असली की एकातही धड राहता येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तार आली ती शुक्रवारी, तिसऱ्या तासाला. तुम्ही ती वाचलीत, घडी घालून पुस्तकात ठेवलीत आणि फळ्यावरचा अर्धा राहिलेला भागाकार पूर्ण केलात. मधल्या सुट्टीत मला म्हणालात, "माझी आई गेली गं. माती पण झाली." एवढंच. मी पळत जाऊन आईला सांगितलं. आईनं लगेच पदर खोचला. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बायका पिठलं-भाकरी करून नेतात आणि घरच्यांना बसवून खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. देव बदलून आमच्या घराण्याला तीन पिढ्या झाल्या, पण चुलीचे नियम कुणी बदलले नव्हते. आई म्हणाली, "तिला हितं कोण हाय? आपनच तिचं भाऊबंद."

संध्याकाळी आम्ही पाचसहा जणी फडक्याखाली टोपली झाकून तुमच्या बंगल्याच्या फाटकाशी येतो, आणि सगळ्याजणी थबकतात. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर निघतोय. नुसता धूर नाही, आलं आणि काकवी भाजल्याचा गोड वास अंगणभर पसरलाय. "चूल पेटलीया की हिची!" एकजण म्हणते. दुसरी म्हणते, "आई मेलीया आन् ही ग्वाड करत बसलीया." माझी आई टोपलीवरचं फडकं पुन्हा घट्ट खोचते.

तेवढ्यात तुम्हीच बाहेर येता, हातात ताट. "या की, आत या! माझ्या आईचा केक हाय." तुमची आई हा केक तिकडच्या कसल्याशा काळ्या पाकात करायची, तो इथं मिळेना म्हणून तुम्ही कागलच्या गुऱ्हाळातली काकवी आणून ठेवायचात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही एकट्यानं पत्र्याच्या पेटीला खालीवर निखारे घालून तो केलात. तुमच्या देशी मेलेल्या माणसाची आठवण अशी चारचौघांत वाटून खातात. आमच्याकडे मयताच्या घरचं गोड तोंडात घालणं म्हणजे त्या मरणाचा आनंद मानणं. तीस वर्षांत तुम्ही इथल्या पेरण्या शिकलात, पाळणे शिकलात, शिव्यासुद्धा शिकलात, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तुमच्या घरात तोवर कुणी मेलंच नव्हतं.

बायकांनी काय काय सबबी सांगितल्या! एकीचा दात दुखत होता. एकीचा तर उपास निघाला. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई ती, तिला कुठला आलाय शुक्रवारचा उपास! टोपली पायरीवर ठेवून सगळ्या निघाल्या. तुम्हाला वाटलं, वसतिगृहातल्या मुलींसाठी कुणी भाकऱ्या आणल्यात. तुम्ही त्या तिकडे पाठवून दिल्यात. म्हणजे आमचा कडू घास तुमच्यापर्यंत पोचला नाही आणि तुमचा गोड घास आमच्यापर्यंत.

मला मात्र सबब सुचली नाही. तुम्ही केकचा मोठा तुकडा कागदात बांधून माझ्या हातात दिलात. तो गरम होता. "घरी जाऊन खाते," मी म्हणाले. घराच्या वळणावर आई मागे वळून न बघता म्हणाली, "टाक ते." मी टाकला नाही. परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली हातानं माती उकरून पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. प्रार्थनेआधीच तुम्ही मला गाठलंत. "खाल्लास का गं?"

"खाल्ला. छान होता."

"आलं जास्त झालं न्हवतं?"

"न्हाय, मिसबाई."

तुमचे डोळे भरून आले. तारेनंतर पहिल्यांदाच. "कुणीतरी खाल्ला," म्हणालात आणि नाक पुसत प्रार्थनेला गेलात. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमचं ते तोंड बघून कुणाच्यानं सांगवलं असतं?

निवृत्त होऊन कायमच्या जाताना तुम्ही केकचं भांडं मला दिलंत, "तू खाल्लास, म्हणून तुला." दोन वर्षांनी नाताळात तुमचं पत्र आलं, तुमच्या गोल गोल मराठी अक्षरात. इथे फार थंडी आहे, न सांगता कुणी घरी येत नाही, आणि आई गेली त्या दिवशी एकटी तू माझ्याबरोबर होतीस. चार वेळा उत्तराला बसले. प्रत्येक वेळी दोन ओळींनंतर कागद फाडला. पुढच्या वर्षी तुम्ही वारल्याचं चर्चमध्ये वाचून दाखवलं. मी घरी येऊन भांडं माळ्यावर टाकलं.

गेल्या वर्षी आई गेली. माझी मुलगी तुमच्यासारखीच दूर, परक्या थंड देशात नोकरीला. तिला येता आलं नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन. शेजारची म्हातारी तिच्या दारात गोड काहीतरी भाजून घेऊन आली होती. "आई, आज्जी गेलीय आणि हिनं गोड आणलंय. खाऊ का गं?" मी म्हणाले, "खा. तिच्यासमोर बसून खा. आणि खाल्लंस असं नुसतं सांगू नकोस."

काल माळ्यावरून भांडं काढलं. ओव्हन नाही माझ्याकडे. जुन्या कुकरात वाळू तापवून त्यात ठेवलं. काकवी आणली, आलं किसलं. तुमचं प्रमाण कधी विचारलंच नव्हतं, अंदाजानं केलं. खालून करपला, मधे बसला. ओट्याशी उभी राहून एक तुकडा खाल्ला, मग दुसरा.

मिसबाई, आलं थोडं जास्त झालंय. पण मी खाल्ला.