मामांच्या नाडीची लय

कियोज्जा, २० जून १७३१

चि. ओर्सेता हिस आंजोलोमामाचे अनेक आशीर्वाद.

मासळीच्या होडीतून कागदांचं बाड पाठवतो आहे, वास आला तर मला बोल लावू नकोस. तुझ्या पहिल्या एकल व्हायोलिनवादनासाठी लिहिलेला हा कॉन्चेर्तो, एक वाजवणारी पुढे आणि बाकीचा वाद्यमेळ साथीला. पहिला आणि तिसरा भाग तू झोपेतही वाजवशील, पण जीव आहे तो मधल्या संथ भागात. त्यात मी मोजकेच सूर लिहिले आहेत. मधल्या जागा नेहमीप्रमाणे वाजवणाऱ्याने, म्हणजे तू, भरायच्या. पट्टी अर्थात रे मायनर, उदास सुरांची. तुझी फिलिपामामी गेल्यापासून चार वर्षांत मला दुसरं काही सुचलेलं नाही, आणि सुचावं असं वाटतही नाही.

नुसतं 'संथ' लिहून भागत नाही, प्रत्येकाचं संथ वेगळं. म्हणून गेल्या वर्षीसारखीच माझ्या नाडीशी जुळवून कापलेली दोरी सोबत आहे. टांगून झोका दे, एका झोक्याला एक मात्रा. मात्र एका हाताने दोरी धरली की दुसऱ्या हाताची नाडी बघणार कोण? गेल्या वर्षी दोनातो न्हाव्याने बघितली होती. या खेपेला तो गावाला गेलेला, म्हणून शेजारच्या झानेताबाईंना बोलावलं. बाई विधवा आहेत, मासळीची जाळी विणतात, त्यामुळे बोटं तयार आहेत. टोकाला बांधलेलं बटण माझ्या चांगल्या कोटाचं आहे, तेवढं सांभाळ. आईला नमस्कार.

तुझा,
आंजोलोमामा

व्हेनिस, २९ जून

ती. आंजोलोमामांस ओर्सेताचा सा. न. वि. वि.

कागद पोचले, वासासकट. दोरी टांगली आणि मी आईला हाक मारली. गेल्या वर्षीची दोरी माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत होती. ही त्याच्या निम्मी! बटण नुसतं धावत सुटतं. मामा, तुम्हाला ताप आहे. लपवू नका. आईचंही तेच म्हणणं पडलं.

आमच्या संगीतशाळेच्या मास्तरांपुढे या लयीत वाजवलं तर त्यांनी कान झाकले. त्यांच्या मते रे मायनर म्हणजे शोक, आणि शोकाला कधी घाई नसते. पंधरा ऑगस्टच्या, देवमातेच्या सणापर्यंत हा भाग बसला नाही तर एकल वादन माझ्या वर्गातल्या अपोलोनियाकडे जाईल, असं त्यांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं. ती बया आत्तापासून माझ्या खिडकीखाली मुद्दाम मोठ्याने सराव करते. मला रडू येतं, पण खरं सांगते, तुमच्या काळजीनेच जास्त येतं. रविवारी आई तिकडे येते आहे. तोवर पथ्याने राहा. कांदा-व्हिनेगरमधल्या सार्डिन मासळीला हात लावायचा नाही.

प्रकृतीचं खरं खरं कळवावं, ही विनंती.

तुमची लाडकी,
ओर्सेता

कियोज्जा, ८ जुलै

चि. ओर्सेतास आईचे आशीर्वाद.

तुझा तापाने फणफणलेला मामा झानेताबाईंच्या दारात स्टुलावर बसून सार्डिन चापत होता. वर गात होता. मी मनगट धरलं, तर नाडी बैलासारखी सावकाश चाललेली. मग मला शंका आली. तुझ्या दोरीच्या मापाची दुसरी मी नेलीच होती. ती झुलवली आणि झानेताबाईंना म्हटलं, जरा तुम्ही धरा बरं याचा हात. काय सांगू! झोक्याला ठोका जुळला. दादा लाल, बाईही लाल, आणि मला हसू आवरेना.

बाई जाळी आणायला आत गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. विचारत का नाहीस तिला? तर म्हणतो, रे मायनर फिलिपाचा आहे, तो सोडला तर ती खरोखरच गेली असं होईल. माझे डोळे भरून आले. पण फिलिपाला मी ओळखत होते. त्याचा हा रडका चेहरा तिने दोन दिवस चालवून घेतला नसता. आता कोणत्या दोरीवर वाजवायचं, ते तुझं तू बघ. मी मंगळवारी येते.

आई

कियोज्जा, १२ जुलै

चि. ओर्सेतास अनेक आशीर्वाद.

तुझी आई जे काही लिहील त्यातलं निम्मंच खरं मान. दोनातो परत आला आहे. त्याच्याकडून नाडी पाहून घेऊन नवी, लांब दोरी पाठवतो आहे. हीच वापर. म्हाताऱ्याच्या खुळेपणापायी तुझं वादन जाता कामा नये. ते गेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. सणाला मी येईन. झानेताबाईंनी व्हेनिस पाहिलेलं नाही म्हणे, त्याही येतील.

तुझा ओशाळलेला,
आंजोलोमामा

कियोज्जा, १८ ऑगस्ट

चि. ओर्सेता, तुला मामाचे आशीर्वाद, आणि या खेपेला नमस्कारही.

देवळातल्या उंच लोखंडी जाळीमागे तुम्ही वाजवणाऱ्या मुली दिसत नाही, नुसतं ऐकायचं. संथ भाग सुरू झाला आणि चार मात्रांतच मला कळलं, ही न्हाव्याची दोरी नाही, पहिली आखूडच आहे. अगं, महिनाभर मास्तरांना लांब दोरी दाखवलीस आणि सणाच्या दिवशी हे! अपोलोनिया डोळ्यांपुढे दिसू लागली. पण मी सोडलेल्या जागा तू अशा काही भरल्यास की त्या लयीत घाई उरली नाही, नुसती उमेद राहिली. झानेताबाईंनी माझं मनगट धरलं.

आणि शेवटचा सूर. मी लिहिलेला फा तू अर्ध्या सुराने चढवलास. उदास रे मायनरचा उजळ रे मेजर झाला, एका बोटाच्या सरकण्याने. चार वर्षं त्या सुराला हात लावायचं मला धाडस झालं नव्हतं. तो चढला तेव्हा वाटलं, फिलिपा शेजारी बसून हसते आहे, आणि ती कुठेही गेलेली नाही.

देवळात टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून सगळे दाद द्यायला खोकत होते, पाय घासत होते, नाकं शिंकरत होते. माझं नाक शिंकरणं मात्र खरं होतं. तुझी आई सांगते, मास्तरांनीही रुमाल काढला आणि नाताळचं एकल वादनही तुलाच दिलं. आता मी सुखाने जेवेन.

परतीच्या होडीत मी झानेताला विचारलं. ती म्हणाली, जूनपासून ठोके मोजून मोजून तिची बोटं दुखायला लागली होती, विचारायला मी फारच वेळ लावला. द्राक्षांचा हंगाम संपला की लग्न. तू वाजवायचंस, आणि लय तूच ठरवायचीस.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
आंजोलोमामा

ता. क. दोरी तुझ्याकडेच ठेव, पण बटण पहिल्या होडीने परत पाठव. लग्नात तोच कोट घालायचा आहे आणि झानेता सुईत दोरा ओवून बसली आहे.