बदकाकडे बघू नकोस

सोमवार, ३
दुखणं कुठे आहे हे ज्याला सांगताच येत नाही, त्याला ते कमी दुखतं की जास्त? रुजू होताच मोठ्या डॉक्टरबाईंनी मला हे विचारलं. मी कबूल केलं, मला माहीत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, चला, निदान खरं तरी बोलतेस.

मुलांचा मणक्यांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्या मोठ्या, ऊन थेट खाटांवर येतं. मणक्यात जंतू शिरण्याचा आजार मुलांत विरळा. मूल पोट दुखतं म्हणतं, बसायला रडतं, आणि सगळे पोटच चाचपत राहतात. म्हणून बाईंची एक रीत आहे. चाकांचं पिवळं लाकडी बदक जमिनीवर टाकायचं आणि मुलाला उचलायला सांगायचं. पाठ दुखणारं मूल वाकत नाही. गुडघ्यावर हात टेकून, पाठ ताठ ठेवून खाली बसतं. बाईंनी बजावलं, बदकाकडे बघू नकोस, कमरेकडे बघ.

घरी फोन केला. घरातली पहिली पदवीधर मी. आई आता मला अहो-जाहो करायच्या बेतात आहे. धाकटा म्हणाला, ताई, इंजेक्शन बघून तू अजून डोळे मिटतेस हे सांगितलंस का तिथे?

गुरुवार, १३
चार वर्षांची एक मुलगी आली. आई तिला चिमणी म्हणते. बारीक ताप, पोटदुखी, बसवलं की रडणं. बाहेर रांग लागली होती. बदक टाकलं आणि मी कागद भरायला घेतला. चाक कुरकुरलं. मान वर केली तर बदक तिच्या हातात. लिहिलं : वाकून उचललं, पाठ ठीक. आईने दोनदा विचारलं, मॅडम, पाठीचं काही नाही ना? मी म्हटलं, हट्ट आहे हो, लाड जरा कमी करा, बसायची सवय लावा.

मंगळवार, २५
चिमणी परत आली. पाय टेकत नाही. बाईंनी माझा कागद वाचला आणि पाठ सोडून पोटाच्या तपासण्या लावल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पदवी, आई, बाबा आठवले — शब्द गिळले.

बदक कपाटात ठेवून कुलूप लावलं. परत आले तर ते माझ्या खुर्चीखाली.

शुक्रवार, २८
शेवटी बाईंना राहवलं नाही, त्यांनी मणक्याचा एमआरआय करायला लावला. दोन मणके पोखरलेले, मध्ये पू. क्वचितच सापडणारा जंतू. शस्त्रक्रिया झाली, औषध सुरू झालं, पण विष रक्तात भिनलं होतं. माझ्या एका ओळीने पंधरा दिवस खाल्ले.

चिमणी आज सकाळी गेली.

तिची आई म्हणाली, तुम्ही सांगितलंत म्हणून रडली तरी बसवायचे मी तिला. मग स्वतःच्याच तोंडात मारून घेत म्हणाली, तुमचं काय चुकलं, तुम्ही तर तपासलंत. मलाच आईपण जमलं नाही.

मी फाइल मिटून ठेवली.

सोमवार, १
बदक जमिनीवर. उचलायला गेले — वाकताच येईना. गुडघ्यावर हात टेकला, पाठ ताठ ठेवून खाली बसले, तेव्हा बदक हाती आलं. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे.

बुधवार, ३
चाकाचा आवाज. भर दुपारी, भरल्या वॉर्डात. दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही. पोट दुखतंय. बसवत नाही. उभ्यानेच लिहिते —

गुरुवार, ४
सकाळी चिमणीच्या घरी गेले. दारातच तिच्या आईला सांगितलं. मी बघितलंच नव्हतं. खोटं लिहिलं. तुमचं काही चुकलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, मग तिने उचललं कसं होतं?

मला माहीत नाही.

बाईंनाही लेखी दिलं. पदवीचं व्हायचं ते होवो.

आता तपासणीच्या खोलीत. एकटी. बदक मधोमध. त्याच्याशेजारी दोन लहान पावलं. वर बघायचा धीर —

चाक कुरकुरलं. ती उचलतेय. या वेळी पेन खाली ठेवते. बदकाकडे नाही. तिच्या कमरे —