पेन्सिलीची फुली

३ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शनिवारी दुकान लवकर बंद करून भिंगरीला आणायला गेलो, तर तिच्या आईच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मायलेकी बुधवारीच गेल्या, आठ तासांवरच्या गावी. आईला तिथल्या इस्पितळात नोकरी लागलीय. सोमवार उजाडताच कोर्टात धावलो. मुलीच्या भेटीचा करार झालेला असताना ती अशी जाऊच कशी शकते, म्हणून भांडलो. कारकुनाने शांतपणे फाईल उघडली. दर शनिवार-रविवारऐवजी वर्षातून दहा दिवस भेट, असा बदल, आणि खाली संमतीची माझी सही!

सहीशेजारी पेन्सिलीची बारीक फुली होती. बाबा गेल्यापासून घरातले कागद तू वाचतेस, फुली मारतेस आणि मी तिथे सही करतो. हा दुकानाचा भाडेकरार आहे असं तूच म्हणालीस ना? जगाला चष्मे करून देणारा मी ठार आंधळा निघालो. ताई, केसाने गळा कापलास. का, तेवढं कळव.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फुली माझीच. भिंगरीची आई आमच्या वकीलसाहेबांकडे आली आणि कागद टाईपिंगला माझ्याच टेबलावर आला. तू हट्टाला पेटला असतास, दोन-तीन वर्षं खटला चालला असता आणि शेवटी आठ वर्षांच्या पोरीला विचारलं असतं, आई हवी की बाबा? अशी पोरं आमच्या बाकावर नखं कुरतडत बसतात, मी रोज बघते. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. म्हणून विचारलं नाही.

सोबत सुधारलेला कागद आहे. तिच्या आईशी भांडून उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी मिळवलीय. फुलीपाशी सही कर. आणि राग माझ्यावर काढ, जेवणावर नको.

माया होती तेवढीच आहे, मान अगर मानू नकोस.

ताई

१८ जून

ताईस नमस्कार.

कागद मिळाला. दुकानात अक्षरांच्या तक्त्याखाली बसून वाचला. शनिवारी भिंगरी तिथे छडी घेऊन उभी राहायची आणि गिऱ्हाईक चुकलं की डोळे वटारायची. कागद वाचून संपवायला मला चार दिवस लागले. सहाव्या कलमात मुलीला आणायला-पोचवायला आत्या जाईल असं आहे. ते खोडून मी माझं नाव घातलंय. फुलीही खोडरबराने पुसली. मग सही केली.

रविवारी भिंगरीचा फोन आला होता. बाबा, मी लांब गेले तर चालेल असं तुम्हीच लिहून दिलंत ना, असं विचारत होती. खरं सांगितलं असतं तर तिची आत्याही गेली असती. मी हो म्हणालो.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

धाकटा