फाशीला फिट

दादा,

भित्री कोणाला म्हणतोस रे? तुरुंगाची डॉक्टर मी आहे, तू नाहीस! त्या फाशीच्या कैद्याने खून केलाय, मान्य. पण आजारी माणसाला फाशी देत नाहीत. म्हणजे त्याचा ताप मीच उतरवायचा आणि ‘फाशीला फिट’ म्हणून सहीही मीच करायची. आठवडाभर गोळ्या देत होते आणि ताप उतरू नये म्हणून देवाला विनवत होते.

आज सकाळी फाशीची जन्मठेप झाली. तो म्हणाला, “मॅडम, आता बरा होऊ ना?”

“हो बाबा, बिनधास्त हो!”

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! वाचून तू पुन्हा वाद घालशील, म्हणून हे पत्र देतच नाही. निघते, माझा पेशंट वाट बघतोय.

तुझी धाकटी