न भिजवलेल्या विटा

ता. ४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ढोपरं सोडून बाकी मी खुशाल आहे. बेघरांच्या घरांसाठी निधी जमवत आमची पंधराजणांची सायकलफेरी सहाव्या मुक्कामी पोचली. इथे सायकली बाजूला लावून थापी हातात घेतली. शिवणकाम करून दोन मुलींना वाढवणाऱ्या एका बाईंचं घर बांधायचं होतं. इथला गवंडी नेमका तापाने पडला, पण आम्हाला कुठला दम! एका दिवसात मागची भिंत खांद्याएवढी उभी केली.

पाहुणचाराचं तर विचारूच नका. एका शिक्षिकाबाईंनी आपल्या दोन्ही खोल्या आम्हाला दिल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. भिंत पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो सोबत आहे. उद्या निघतो, उत्तर पुढच्या मुक्कामावर टाका.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमचा धाकटा

ता. ८

चि. धाकट्यास,
अ. आ.

फोटो तुझ्या आईने शेजारीपाजारी मिरवून आणला, मग माझ्या हाती आला. भिंत सरळ आहे. मला वाटलं होतं वेलांटी काढली असशील. पण विटांजवळ पाण्याचं पिंप कुठे दिसत नाही. भिजवल्या होत्या ना रे? कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकते, मग माल धरत नाही. तिथे कळवून खिळ्याने विटांमधला सांधा खरवडायला सांग. भुगा पडला तर भिंत उतरवा. तिच्या आडोशाला दोन पोरी झोपायच्या आहेत.

रागावून लिहीत नाही. चूक माझीच. तू साहेब व्हावास म्हणून कधी थापीला हात लावू दिला नाही. डबा घेऊन कामावर आलास की तसाच परत पिटाळायचो. एवढी साधी गोष्ट तुला ठाऊक नाही, त्यात तुझा काय दोष? आज त्याचं फार वाईट वाटतं.

लगेच कळव, अन्न गोड लागत नाही. आईचे आशीर्वाद, माझी काळजी.
बाबा

ता. १३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तसा फेरी सोडून उलटा आलो. भिंत नव्हती. गवंडी तापातून उठल्या उठल्या खिळा लावून पाहायला गेला आणि त्याने ती उतरवली. शिक्षिकाबाई आम्हाला कळवणारच नव्हत्या. इतक्या लांबून आलेली मुलं हिरमुसतील, म्हणाल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईंना आता आणखी महिनाभर दुसऱ्याच्या घरात राहावं लागेल. तरी त्यांनी मला चहा दिला.

आता मी विटा भिजवतो आणि गवंडी बांधतो.

पण बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मला ठाऊक होतं. डबा आणायचो तेव्हा, पिटाळलंत तरी, मी लांबून पाहायचो. तुम्ही विटा पिंपात सोडायचात आणि बुडबुडे थांबेपर्यंत जेवायला बसायचा नाहीत. त्या दिवशी पहिली कोरडी वीट उचलली तेव्हाच ते आठवलं होतं. बोललो असतो तर तुला कसं माहीत, असं सगळ्यांनी विचारलं असतं. आणि मी त्यांना सांगून बसलो होतो की माझे वडील इंजिनिअर आहेत.

काल गवंड्याला खरं सांगितलं. त्याने पुढची वीट मागितली.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.
धाकटा