रिकामी बाटली परत देऊ नये

आई,

तुझ्या लसणाच्या तेलाच्या बाटल्या वहिनीने परत मागवल्या आहेत. तुझ्या म्हणायच्या की तिच्या, इथूनच माझं डोकं फिरतं. बाटलीवर तिने तुझा फोटो छापलाय, चमकी घातलेला, आणि खाली लिहिलंय, ‘सासूबाईंच्या हातची चव’. मी तुझ्या पोटची, आणि तुझ्या हातची चव मात्र शहराबाहेर होसकोट्याच्या भाड्याच्या शेडमधून तिच्या नावाने बाहेर पडते. मला तिचा हेवा वाटतो. तू असतीस तर हे तुझ्यासमोर बोलले नसते, तू नाहीस म्हणून लिहिते आहे.

आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर येतं. तू पाटावर बसून लसूण सोलते आहेस, नवी नवरी वहिनी तुला चिकटून बसली आहे, आणि मी पुस्तक हातात धरून दारात उभी. ‘मला पण दाखव की,’ म्हटलं तर तू मान वरसुद्धा न करता म्हणतेस, ‘तुला कशाला? तू शीक, नोकरी कर.’ शिकले. नोकरी केली. आता हेब्बाळच्या ऑफिसात डब्याबरोबर विकतचं लोणचं खाते. तिला तू लसूण दिलास आणि मला ओरडा दिलास. त्यातला एक तर अजून कानात आहे. खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांचा डबा मी रिकामाच परत द्यायला निघाले होते. तू जिन्यातून मला माघारी बोलावलंस आणि अक्कांच्या देखत म्हणालीस, ‘रिकामं भांडं परत देतात का गे? काही नसलं तर चमचाभर साखर घालावी. घराची लाज असते ती.’ अक्का हसत होत्या आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तर बाटल्यांचं सांगते. एका मोठ्या दुकानाला माल द्यायचा म्हणून वहिनीने एक बाटली तपासायला दिली. प्रयोगशाळेने सांगितलं की लसूण तेलात असा बंद करून महिनोन्महिने बाहेर ठेवला, तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि माणसाचा श्वास बंद पडू शकतो. कुणाला काही झालं नव्हतं. तू वाटीभर करायचीस आणि चार दिवसांत आम्ही ते फस्त करायचो, म्हणून आपल्या घरात हा प्रश्न कधी आलाच नाही. खरं सांगते, ऐकून मला आधी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. पण वहिनीने एक दिवसही वाट पाहिली नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना कन्नडमध्ये, मराठीत, हिंदीत निरोप पाठवला की बाटल्या परत करा. मला वाटलं लोक शिव्या घालतील, तर ते तिचं कौतुकच करायला लागले. मेली बुडतानासुद्धा चांगली दिसते.

रविवारी तिने आपल्या इमारतीच्या दारात टेबल मांडलं आणि मला मदतीला बोलावलं. मी गेले, बघायलाच गेले म्हण. दुपारी अक्का आल्या, बाटली टेबलावर ठेवून हळूहळू आत गेल्या. वहिनी फोनवर होती. तिने बाटली खोक्यात ठेवली आणि मला म्हणाली, ‘बघा वन्सं, किती लख्ख धुऊन दिलीय.’ मी बघितलं. बाटलीच्या तळाशी साखर होती.

साखर आहे म्हणजे अक्कांनी नुसती बाटली परत केली, आणि आतलं तेल घरात ठेवलं. मी धावत अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरले. त्या जेवायला बसल्या होत्या. समोर भात, भातावर लसणाचं तेल, शेजारी त्यांची चिनी मातीची बरणी. मी ताटच उचललं.

‘अय्यो, माणसापुढचं ताट ओढतेस?’ अक्का म्हणाल्या. ‘बाटली पाहिजे होती ना तुम्हाला? दिली की. तुझ्या आईच्या हातचं आहे, ते कसं गे टाकायचं?’

‘आईच्या हातचं नाही, वहिनीच्या हातचं आहे,’ मी ओरडले. अशा वेळीसुद्धा मला तेच सुचलं.

‘स्वल्प वास तरी घेऊन बघ. तुझी आई म्हणायची, नाकाला विचार.’

‘याचं नाकाला कळत नाही, अक्का. आईच्या नाकालाही कळलं नसतं. एक घास तरी खाल्लात का?’

‘आत्ताच तर कालवत होते,’ त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून बरणी माझ्याकडे सरकवली. ‘सरी, बरं, घेऊन जा.’

बरणी पिशवीत घट्ट बांधली. मग वहिनी आणि मी संध्याकाळपर्यंत एकेका गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करत बसलो की बाटली नको, आतलं खाऊ नका. काही घरांतून खरंच तेल डब्यात काढून ठेवलेलं निघालं. सगळं झाल्यावर वहिनी वर घरात तुझ्या जुन्या पाटावर बसली आणि म्हणाली, ‘साखरेचं मला कधी सुचलं नसतं. आईंनी मला ते सांगितलंच नाही. मी एकदा डबा रिकामा दिला होता, तर त्या काही बोलल्या नाहीत, स्वतःच जाऊन साखर देऊन आल्या. तुम्हाला त्या ओरडायच्या तरी, वन्सं. मी कायम पाहुणीच राहिले. मला तुमचा फार हेवा वाटायचा.’

म्हणजे हेवासुद्धा तिने मला एकटीला ठेवू दिला नाही. तिने उठून चहा ठेवला, आणि तिच्या हातचा चहाही चांगला होतो.

आता एकच बाटली यायची राहिली आहे. हेब्बाळची, असं वहिनी म्हणते, कुणीतरी ऑफिसातल्या बाई आहेत, फोन उचलत नाहीत. आई, ती बाटली माझ्याकडे आहे. मैत्रिणीच्या नावाने, तिचाच नंबर देऊन मागवली होती. उघडली नाही, कारण चव तुझ्यासारखी निघाली असती तर मला ते सोसलं नसतं, आणि नसती निघाली तरी सोसलं नसतं. आता तर कळायचा मार्गच उरला नाही. उद्या नेऊन देते. सील तसंच आहे, गळ्यापर्यंत भरलेली आहे. या वेळी तरी ओरडू नकोस. किंवा ओरड.